मचूळ पाण्यातले बिनचिठ्ठीचे रहिवासी

(धारणी येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)

मेळघाटात पाणी गोडं. सिपना, गडगा, खापरा, खंडू या नद्या उन्हाळ्यात आटल्या तरी डोहात उरलेलं पाणी ओंजळीने पिता येतं. अशा मुलखात, धारणीसारख्या गावी, खाऱ्या पाण्यातल्या जिवांवर व्याख्यान ठेवायचं म्हणजे पंढरपूरच्या वाळवंटात बसून भरती-ओहोटी शिकवण्यातला प्रकार, असं कुणी म्हटलं तर त्याचं फारसं चुकलं नाही. पण गाविलगडच्या कण्यावर पडणारा पाऊस दोन वाटांनी जातो. उत्तर उताराचं पाणी सिपना-गडग्यातून तापीत पोचतं. दक्षिण उताराचं पाणी शहानूर, चंद्रभागा, वान यांच्या अंगाने पूर्णेकडे उतरतं, आणि डोंगर संपून आठ-दहा कोस गेलं की अशा मुलखात शिरतं, जिथे विहिरीला पाणी लागतं पण ते तोंडात धरवत नाही. पुढे चांगदेवाला पूर्णा तापीला मिळते. एकाच ढगातून पडलेले दोन थेंब तिथे पुन्हा भेटतात. एक धारणीच्या बाजूने आलेला, दुसरा खारपाणपट्ट्यातून.

खारपाणपट्टा वऱ्हाडाला नवा नाही. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर अशी अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतली आठ-नऊशे गावं त्यात येतात. पूर्णेच्या खोऱ्यात शेकडो मीटर जाडीचा गाळ साचला आहे आणि त्या गाळात खार मुरून बसला आहे. तो तिथे का राहिला याचं उत्तर भूशास्त्राचे लोक जुन्या कोरड्या हवामानात आणि निचरा न झालेल्या पाण्यात शोधतात. ए. बी. विन या भूशास्त्रज्ञाने पूर्णेच्या खोऱ्यावरची आपली टिपणं १८६९ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात छापली. अकोल्याजवळच्या दहीहांड्याला त्या काळी खाऱ्या विहिरी होत्या आणि त्यांच्या पाण्यापासून मीठ काढलं जाई. १९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा वऱ्हाडी माणसाला समुद्र शोधत जावं लागलं नाही. तो दहीहांड्याला गेला आणि तिथल्या पाण्याचं मीठ केलं.

या पाण्याची चर्चा होते ती शेतीच्या, किडनीच्या आजारांच्या आणि नळयोजनांच्या निमित्ताने. ते योग्यच आहे. वान आणि शहानूर धरणांतलं डोंगरातलं पाणी आज नळाने त्या गावांना जातं, आणि ज्याच्या घरी ते दोन-चार दिवस येत नाही त्याला सूक्ष्मजीवांची कौतुकं सांगू नयेत. तरीही एक गोष्ट शिल्लक राहते. माणसाने नाकारलेलं हे पाणी ओसाड नाही. त्यात कुणीतरी राहतं. कोण राहतं, हे सांगायला मात्र नजर लागते, वेळ लागतो आणि चिठ्ठी लागते. हे व्याख्यान मुख्यतः त्या चिठ्ठीबद्दल आहे.

आधी रहिवाशांची ओळख. सिलिएट म्हणजे अंगभर बारीक केस असलेले एकपेशीय जीव. शाळेच्या पुस्तकातला चपलेच्या आकाराचा पॅरामेशियम त्यांतलाच. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पापणीचा केस, म्हणून मराठी विश्वकोशाने या केसांसाठी 'पक्ष्माभिका' हा शब्द वापरला. पक्ष्म म्हणजे पापणी. शब्द चांगला आहे, पण बोलताना कुणी वापरत नाही. हे केस वल्ह्यांसारखे लयीत हलतात, त्यावर जीव पोहतो, आणि तोंडाजवळच्या केसांनी भोवरा करून अन्न आत ओढतो. एकच पेशी असली तरी तिच्यात केंद्रकं दोन प्रकारची. लहान केंद्रक म्हणजे तिजोरीत जपलेला मूळ दस्त. मोठं केंद्रक म्हणजे रोजच्या कामासाठी काढलेल्या झेरॉक्सचा गठ्ठा. दोन जीव एकमेकांना चिकटून लहान केंद्रकांची देवाणघेवाण करतात, तेव्हा जुना गठ्ठा मोडीत निघतो आणि नव्या दस्तावरून नवा तयार होतो. अशा जिवांच्या सुमारे आठ हजार जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत.

इथे मराठीतला एक घोळ निस्तरून पुढे जावं. वर्तमानपत्रांत 'नवी प्रजाती सापडली' असं छापून येतं तेव्हा बहुतेक वेळा सापडलेली असते जाती. परिभाषेत प्रजाती हा वरचा गट आणि जाती हा त्यातला एकेक सभासद. समाजात 'जात' या शब्दाला जो वास चिकटला आहे त्याच्या संकोचाने लोक प्रजाती म्हणतात. कारण समजण्यासारखं आहे, पण हिशेब चुकतो.

मचूळ हा शब्द मात्र मराठीने फार नेमका ठेवला आहे. गोडं नाही आणि खारंही नाही, ते मचूळ. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्याच्या खाली आणि गोड्या पाण्याच्या वर मचूळ पाण्याचा पट्टा. खाडीच्या मुखाशी, खाजणात, मिठागराच्या कडेला आणि वऱ्हाडातल्या विहिरीत ते सापडतं. अशा ठिकाणी राहणं अवघड असतं, कारण पाण्याचा खारटपणा स्थिर राहत नाही. पाऊस पडला की उतरतो, ऊन तापलं की चढतो. गोड्या पाण्यातल्या सिलिएटच्या अंगात पाणी सारखं झिरपत असतं, आणि आकुंचन पावणारी एक पोकळी ते भरून भरून बाहेर टाकत राहते. गळक्या होडीतून तांब्याने पाणी उपसावं तसं. पाणी खारट झालं की गळती कमी होते आणि उपसाही मंदावतो. त्या पोकळीची धडधड सेकंदकाटा धरून मोजली तर जीव कुठल्या पाण्यातला आहे याचा अंदाज येतो.

महाराष्ट्रात या जिवांकडे बारकाईने पाहणारा पहिल्या पिढीतला माणूस डॉक्टर होता. हेन्री जॉन कार्टर १८१३ साली इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यात बडली सॉल्टर्टन या गावी जन्मला. गावाच्या नावातच मीठ आहे. तिथे पूर्वी मिठागरं होती. १८४२ साली तो कंपनी सरकारच्या मुंबईतल्या वैद्यकीय सेवेत आला, सर्वेक्षणाच्या जहाजावरून अरबस्तानचा किनारा हिंडला, आणि दवाखान्यातून उरलेला वेळ त्याने मुंबईच्या तलावांत घातला. त्या वेळची मुंबई तळ्यांची होती. उन्हाळ्यात तळी आटत, काठावरच्या दगडांना चिकटलेले गोड्या पाण्यातले स्पंज वाळून कोळ होत, आणि पावसाळ्यात त्यांच्या बियांसारख्या गाठींतून पुन्हा फुटत. कार्टरने ते पाहिलं आणि १८४९ मध्ये त्यांचं सविस्तर वर्णन छापलं. १८५६ साली त्याने मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या 'इन्फ्युसोरिया'वर लांबलचक निबंध लिहिला. वाळलं गवत पाण्यात भिजत घातलं की चार दिवसांत जे वळवळू लागतं ते इन्फ्युसोरिया; अकरावीच्या प्रात्यक्षिकात अजूनही तेच करतात. त्या निबंधात त्याने सिलिएटांची एक नवी प्रजाती नोंदली आणि तिला ओटोस्टोमा हे नाव दिलं. अर्थ सरळ आहे, कानासारखं तोंड. दोन वर्षांनी मुंबईभोवतालचा समुद्र लाल दिसतो तो कशाने, यावर त्याने टिपण लिहिलं आणि त्या रंगाचा मालक असलेला सूक्ष्मजीव दाखवून दिला. १८५९ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला, १८६२ मध्ये मायदेशी गेला आणि १८९५ साली आपल्या त्याच मिठाच्या गावी वारला.

त्याच काळात मुंबईत आणखी एक डॉक्टर हेन्री कार्टर होता. हेन्री व्हँडाइक कार्टर. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या शरीररचनेच्या प्रसिद्ध ग्रंथातली चित्रं याची. दोघेही डॉक्टर, दोघेही मुंबईत, दोघेही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणारे. एकाचं श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर सहज जमा होईल अशी ही जोडी आहे, आणि चिठ्ठीचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

कार्टरच्या काळातली मुंबईची तळी पुढे एकामागून एक बुजवली गेली. धोबी तलाव, खारा तलाव, गवालिया टँक ही आता फक्त नावं आहेत. एखाद्या जिवाचं पहिलं वर्णन ज्या पाण्यावरून केलं ते पाणीच उरलं नाही, तर पुढच्या माणसाने ताडून कशाशी पाहायचं? नमुना जपून ठेवायची रीत तेव्हा सिलिएटांना लागू नव्हती. मेलेला सिलिएट काही क्षणांत विरघळून जातो. उरतं ते वर्णन आणि चित्र. म्हणजे सगळी भिस्त एका माणसाच्या डोळ्यांवर आणि हातावर.

आणि डोळा फसतो. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एरनबर्ग याने या जिवांना नीळ आणि किरमिजी रंग खाऊ घातला. अंगातल्या पोकळ्या रंगल्या, तेव्हा त्याने त्यांना जठरं ठरवलं आणि १८३८ सालच्या आपल्या भव्य ग्रंथात या जिवांना अनेक पोटांचे प्राणी म्हटलं. फ्रान्सच्या दुजार्दांने आधीच सांगितलं होतं की आत पोटं-बिटं काही नाहीत, सगळा एकच चिकट रस आहे. दुजार्दांचं बरोबर होतं. पण एरनबर्गची चित्रं इतकी देखणी होती की लोकांनी पोटं बराच काळ मोजली.

आता एक थेंब जवळून पाहू. खाऱ्या विहिरीच्या कडेचा गाळ ढवळून आणलेलं पाणी आहे. ड्रॉपरने त्यातला एक थेंब स्लाइडवर घ्यायचा. कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांना व्हॅसलीनचे मोहरीएवढे ठिपके लावायचे आणि ती थेंबावर टेकवायची. मग सुईच्या टोकाने कोपरे आळीपाळीने दाबत जायचं. थेंब पातळ होत जातो आणि सुसाट पोहणारा जीव दोन काचांमध्ये हळूहळू अडकतो. जास्त दाबलं तर फुटतो, कमी दाबलं तर निसटतो. मधला क्षण सापडला की पाहण्यासारखं सगळं दिसतं: लांबी-रुंदी, तोंडाच्या कडेची केसांची झालर किती खाली येते, कातडीखाली दाणे आहेत का आणि कुठल्या रंगाचे, मोठं केंद्रक एकसंध आहे की मण्यांच्या माळेसारखं, पोकळी कुठे आहे आणि किती सेकंदांनी मिटते.

मचूळ पाण्याच्या बाबतीत इथे एक सापळा असतो. कव्हरस्लिपच्या कडेने पाणी वाळत राहतं. गोड्या पाण्याचा थेंब वाळला तर थेंब लहान होतो, एवढंच. खाऱ्या पाण्याचा थेंब वाळला की खारटपणा वाढतो. काही मिनिटांत जीव आकसतो, अंगाला सुरकुत्या पडतात, पोकळीची धडधड मंदावते, आणि निरीक्षक वहीत लिहितो, 'सडपातळ, मंद'. दुसरा निरीक्षक थेंब वाळतोय म्हणून बाजूने नळाचं पाणी सोडतो. जीव फुगतो, गोल होतो, कधी फुटतोही. हा वहीत लिहितो, 'वाटोळा, चपळ'. एकाच विहिरीतून, एकाच बाटलीतून दोन 'जाती' निघतात. अशा चुका छापल्या जातात आणि निस्तरायला पन्नास वर्षं लागतात.

हॅम्बुर्गच्या आल्फ्रेड काल या शाळामास्तरांचं नाव या क्षेत्रात आदराने घेतलं जातं. वयाची चाळिशी उलटल्यावर ते सिलिएटांकडे वळले आणि १९३० ते १९३५ या काळात त्यांनी असा ग्रंथ छापला की आजही तो टेबलावर उघडा ठेवूनच काम करावं लागतं. समुद्रातले, मचूळ पाण्यातले, शेवाळातले, गाळातले शेकडो नवे जीव त्यांनी एकट्याने नोंदले. शाळा सुटल्यावर. पण त्यांनी बहुतेक जीव जिवंत पाहूनच वर्णन केले, काही वेळा दोन-चारच पाहून. त्यांतल्या कित्येकांची नोंद त्यानंतर कितीतरी दशकं कुणी केली नाही. दुर्मीळ नोंदीचा सिलिएट म्हणतात तो बहुतेकदा असा असतो: एक नाव, एक रेखाचित्र, दहा ओळी.

आज कुणाच्या थेंबात त्या दहा ओळींशी जुळणारं काही आलं, तर काम नव्या जातीपेक्षा अवघड होतं. नवं असेल तर नाव देऊन मोकळं होता येतं. जुनं असेल तर हे तेच, असं सिद्ध करावं लागतं, आणि ज्याच्याशी ताडायचं तो साक्षीदार कागदावरचं एक रेखाचित्र असतो. नव्या जातीच्या बातम्या होतात. जुन्या जातीचं पुनर्वर्णन करणाऱ्याचा फोटो कुठे छापून येत नाही. शास्त्राच्या दृष्टीने मात्र दुसरं काम जास्त मोलाचं, असं म्हणायला हरकत नाही. ऑस्ट्रियात साल्झबुर्गला काम करणारे विल्हेल्म फोइसनर २०२० साली वारले. त्यांनी शेकडो नव्या जाती दिल्याच, पण जुन्या अर्धवट वर्णनांची डागडुजी करण्यात आयुष्याचा मोठा भाग घातला.

ती डागडुजी शक्य झाली चांदीमुळे. १९२६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लाइनने चांदीच्या क्षाराने सिलिएटांच्या कातडीवरची जाळी उमटवून दाखवली. पुढे प्रोटारगॉल आलं. हे मुळात औषध. चांदी आणि प्रथिन यांचं हे मिश्रण १८९७ च्या सुमारास बायर कंपनीत आर्थर आयशेनग्र्यून या रसायनतज्ज्ञाने तयार केलं, ते परम्यावर द्यायला. १९३६ मध्ये बोडियन या संशोधकाने ते मज्जातंतू रंगवायला वापरलं, आणि तिथून ते सिलिएटांकडे आलं. कृती एखाद्या जुन्या फोटो स्टुडिओत शोभावी अशी आहे. जीव मारून कडक करायचे, अंड्याच्या पांढऱ्या बलकात ग्लिसरिन मिसळून त्याने स्लाइडला चिकटवायचे, विरंजन करायचं, प्रोटारगॉलमध्ये बुडवून ठेवायचं आणि मग हायड्रोक्विनोनने डेव्हलप करायचं. जमलं तर प्रत्येक केसाचं मूळ काळ्या ठिपक्यासारखं उमटतं आणि अंगावरच्या केसांच्या रांगा मोजता येतात. न जमलं तर सगळं तपकिरी चिखल. बाजारात मिळणारं प्रोटारगॉल पुढे बिघडलं आणि मिळेनासंही झालं, तेव्हा २०१३ मध्ये ते प्रयोगशाळेत कसं बनवावं याची कृतीच संशोधकांनी छापली. आता त्याच्या जोडीला जनुकांचा क्रम वाचतात. तो क्रम उपयोगी आहे, पण आल्फ्रेड काल यांच्या रेखाचित्राला जनुकं नाहीत, त्यामुळे शेवटी रांगा मोजाव्याच लागतात.

नियमही हळूहळू कडक झाले. प्राण्यांच्या नावांचा कारभार १७५८ सालापासून मोजतात. १९३० नंतर दिलेल्या नावाला वेगळेपणाची खूण शब्दांत सांगावी लागते, आणि १९९९ नंतर नाव ज्या नमुन्यावर ठेवलं तो नमुना नेमून द्यावा लागतो. सिलिएटांच्या बाबतीत तो नमुना म्हणजे संग्रहालयात ठेवलेली रंगवलेली स्लाइड, तिच्यावर शाईने वर्तुळ केलेला एक जीव, आणि बाजूला चिठ्ठी: कुठून, केव्हा, कुणी.

चिठ्ठीचं महत्त्व मेळघाटाला वेगळं सांगायला नको, कारण रानपिंगळ्याची गोष्ट इथलीच आहे. १८७२ साली ब्लुइट नावाच्या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडच्या बाजूला हे छोटं घुबड मिळवलं आणि पक्षीतज्ज्ञ ह्यूमने ब्लुइटचं नाव देऊन त्याचं वर्णन केलं. त्यानंतर थोडे नमुने मिळाले, आणि १८८४ नंतर काहीच नाही. पुस्तकांत मात्र एक नोंद टिकून होती. कर्नल माइनर्ट्‌झहागन या नामांकित पक्षीतज्ज्ञाने १९१४ साली गुजरातेत तापीकाठी मांडवीला एक रानपिंगळा मारल्याची. पॅमेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने तपासले तेव्हा कळलं की तो पक्षी डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात खानदेशात मिळवलेला होता. कर्नलसाहेबांनी तो चोरला, उसवला, नव्याने शिवला आणि खोटी चिठ्ठी बांधली. खोटी चिठ्ठी बाजूला सारून, खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं धरून शोध सुरू झाला, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रानपिंगळा झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. पुढच्या पाहण्यांत तो मेळघाटात सापडला, आणि आज त्याची मोठी वस्ती इथेच आहे. तो कुठे गेलाच नव्हता. इथल्या माणसांच्या डोक्यावरच्या फांदीवर बसून होता.

वीतभर घुबडाची ही कथा. मग केसाएवढ्या जिवाचं काय?

इथे शास्त्रज्ञांचे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, एवढे बारीक जीव वाऱ्याने, धुळीने, पाखरांच्या पायांनी सगळीकडे पोचतात. परिस्थिती जमली की उगवतात. ब्लँड फिनले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात ज्वालामुखीच्या मुखात साचलेल्या एका तळ्यातून सिलिएटांच्या ८५ जाती ओळखल्या, आणि त्या सगळ्या उत्तर युरोपातून आधीच माहीत होत्या. दुसऱ्या पक्षाचे म्होरके फोइसनर. त्यांचं म्हणणं, नीट चांदी लावून पाहिलं की 'त्याच' वाटणाऱ्या जाती वेगळ्या निघतात, आणि काही ठळक जीव काही खंडांबाहेर सापडतच नाहीत. वाद मिटलेला नाही. पण पहिल्या पक्षाचा एक प्रयोग वऱ्हाडासाठी फार बोलका आहे. समुद्राहून खाऱ्या अशा स्पेनमधल्या एका खाजणातलं पाणी एस्तेबान आणि फिनले यांनी प्रयोगशाळेत आणलं आणि टप्प्याटप्प्याने पातळ केलं. जसजसा खारटपणा उतरला, तसतसे त्यातून गोड्या पाण्यातले सिलिएट बाहेर पडू लागले. ते तिथेच होते, वाट पाहत. २००३ साली हे छापून आलं.

असा प्रयोग खारपाणपट्ट्यात दर मृगाला होतो आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. वैशाखात भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर क्षारांचा पांढरा थर आलेला असतो, विहिरीचं पाणी तळाला जाऊन अधिक खारट झालेलं असतं. पहिला पाऊस पडतो, शेताच्या कोपऱ्यात पाणी साचतं, खारटपणा काही तासांत उतरतो. कवचात गुंडाळून पडलेला जीव याच वेळी उठायला हवा. महिन्याभराने गेलं तर तो पुन्हा झोपलेला असेल. मग दुर्मीळ काय आहे? जीव, की योग्य दिवशी बाटली घेऊन पोचणारा माणूस?

वेळेवर पोचलेल्या एका मराठी माणसाचं उदाहरण आहे. मालवणला जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना सह्याद्रीत हिंडत. १९११ च्या सुमारास साताऱ्याकडच्या नद्यांत त्यांना गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली. तिचे भाऊबंद तोवर आफ्रिकेतून माहीत होते. कलकत्त्याच्या अ‍ॅनंडेल यांनी तिचं नाव ठेवलं लिम्नोक्निडा इंडिका. ही जेलीफिश दिसते ती उन्हाळ्यात, नदी वाहायची थांबून नुसते डोह उरले की. पावसाळा लागला की नाहीशी. पावसाळी सहलीला जाणाऱ्याला ती जन्मात दिसायची नाही. आघारकरांनी पुढे पुण्यात संशोधनसंस्था उभी केली, आणि ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

त्याच संस्थेकडे २०२० साली लोणारच्या विवरातल्या तळ्याचं पाणी गेलं. जूनमध्ये तळं गुलाबी झालं आणि आठ दिवस सगळ्या देशाने मोबाइलवर ते पाहिलं. कुणी कोप म्हणालं, कुणी चमत्कार. तपासात निघालं की खारटपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य बाळगणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचं हे काम. पावसाने पाणी पातळ झालं आणि रंग ओसरला. कार्टरच्या मुंबईतल्या लाल समुद्राची ही वऱ्हाडी आवृत्ती. पण तळ्याचा रंग बदलेपर्यंत थांबायची गरज नव्हती. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवरात 'धार' या झऱ्याचं गोडं पाणी गोमुखातून खाली येतं आणि साबणासारख्या बुळबुळीत, अतिशय अल्कधर्मी तळ्याकडे उतरतं. म्हणजे दोन-चारशे पावलांत गोड्यापासून मचुळापर्यंत आणि मचुळापासून जहाल खाऱ्यापर्यंत सगळ्या पायऱ्या. सिलिएटांच्या अभ्यासकाला याहून सोयीची जागा मिळणं कठीण. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, ते योग्य झालं. यादीत नाव गेल्याने थेंबातल्या रहिवाशांची नावं मात्र कळत नाहीत.

'याचा उपयोग काय?' हा प्रश्न वऱ्हाडात पहिल्या रांगेतून येतो आणि यायलाच हवा. एक उत्तर फॅब्रिया सलिना देते. पेरूसारख्या आकाराचा, काळसर, वरच्या टोकाला पिळदार झालर असलेला हा सिलिएट फ्रान्सच्या मिठागरांतून एन्नेगी यांनी १८९० साली नोंदला. मिठागरांच्या तीव्र खाऱ्या पाण्यात, जिथे दुसरे फारसे भक्षक टिकत नाहीत, तिथे तो शेवाळ खाऊन दाटीने वाढतो. मुंबईच्या संशोधकांनी तो मोठ्या प्रमाणावर वाढवण्याचे प्रयोग केले आणि ते २००४ साली छापले. कारण माशांच्या नुकत्या फुटलेल्या पिलांचं तोंड इतकं लहान असतं की त्यांना भरवायला असेच जीव लागतात. खारपाणपट्ट्यातलं पाणी पिकाला चालत नाही म्हणून मत्स्यशेतीचा विचार करायचा, तर त्या पाण्यात आधीपासून कोण राहतं हे माहीत असलेलं बरं. बाकी उपयोग नसला तरी बिघडत नाही. रानपिंगळ्याचा तरी कुणाला काय उपयोग आहे?

अमरावती आणि अकोल्याच्या महाविद्यालयांत, आणि आता तालुक्याच्या गावीही, प्राणिशास्त्राच्या खोलीत चांगले सूक्ष्मदर्शक आहेत. ज्यांची शेती किंवा सोयरीक खारपाणपट्ट्यात आहे त्यांनी येत्या मृगात एवढं करावं. पहिल्या मोठ्या पावसाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेतात साचलेलं थोडं पाणी तळाच्या चिखलासकट एका स्वच्छ बाटलीत घ्यावं. त्याच शेतातल्या विहिरीचं पाणी दुसऱ्या बाटलीत. औषधाची किंवा फवारणीची बाटली नको. बाटली अर्धीच भरावी, झाकण सैल ठेवावं, उन्हात ठेवू नये आणि दुसऱ्या दिवसाच्या आत कॉलेजात पोचवावी. गावाचं नाव, शेताची खूण, तारीख आणि पाऊस कधी पडला हे चिठ्ठीवर लिहावं. चिठ्ठी पेन्सिलने लिहावी. पेनाची शाई ओलाव्याने पसरते.